‘मशीन बारीक रडतेय’ : चाळीस वर्षं जुना चेनसॉ पहिल्यांदा उघडला त्याची गोष्ट

(ऑडिओ भागाचं लिखित रूप. बोलण्यातले काही ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ काढलेत, सगळे काढता आले नाहीत.)

[दोरी ओढल्याचा आवाज. परत एकदा. तिसऱ्यांदा मशीन चालू होते, थोडी चालते, बंद होते.]

हेडफोन लावले असतील तर सॉरी, आधी सांगायला हवं होतं. हा जो आवाज ऐकलात तो माझ्या काकांच्या चेनसॉचा आहे. म्हणजे झाडं कापायची पेट्रोलवरची करवत. गावाला तिला कोणी चेनसॉ म्हणत नाही, कटर म्हणतात, नाहीतर नुसतं मशीन. साडेचार वर्षं ती बंद होती आणि ती मी चालू केली. मी, ज्याने त्याआधी आयुष्यात फक्त लॅपटॉपची रॅम बदलली होती.

पण आजचा भाग ‘मी कसं भारी काम केलं’ यावर नाहीये. मशीन उघडल्यावर आत मला माझीच एक चूक सापडली, आणि ती चूक मशीनच्या बाबतीतली नव्हती. सगळं क्रमाने सांगतो.

आमचं गाव श्रीवर्धन तालुक्यात, दिवेआगरच्या जवळ. नारळ-सुपारीची वाडी आहे. श्रीवर्धनचा रोठा म्हणजे तिथली सुपारी, नाव ऐकलं असेल तुम्ही. वाडी आप्पा बघतात, म्हणजे माझे मोठे काका. आणि वाडीतलं झाडाचं कुठलंही काम, नारळ पाडण्यापासून खोड कापण्यापर्यंत, वर्षानुवर्षं एकच माणूस करायचा. नाव घेत नाही, आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणतो. मला अगदी लहानपणापासून ओळखतात.

३ जून २०२०. निसर्ग वादळ. लॉकडाऊन होता, नोकरीला लागून मला वर्षही झालं नव्हतं, वर्क फ्रॉम होम म्हणून मी गावालाच होतो. त्या दिवसाचं वर्णन करत बसत नाही, कोकणातल्या कोणालाही विचारा. दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीत गेलो तर वाडीतून आभाळ दिसत होतं. जिथे उन्हाचा एक कवडसा यायचा नाही, तिथे. सुपारीची झाडं काडेपेटी सांडल्यासारखी पडलेली. सुपारी लावली की हाती यायला सहा-सात वर्षं जातात, त्यामुळे आप्पा नुसते उभे होते, बोलत नव्हते. आमच्याकडे वीज यायला महिन्याच्या वर लागला.

पुढचे तीन महिने भाऊ आणि तो कटर. आधी रस्ता, मग घराची मागची बाजू, मग वाडी. आमचं झालं की शेजाऱ्यांचं. कटर जुना, १९७० च्या दशकातला, युरोपियन बनावटीचा. आप्पांनी तो १९८४ मध्ये एका ठेकेदाराकडून सेकंडहँड घेतलेला. कंपनीचं नाव घेत नाही, कारण कंपनीचा यात काही दोष नाही, आणि हा रिव्ह्यूही नाही.

सप्टेंबरमध्ये शेवटचं मोठं काम उरलं होतं. एक आडवा पडलेला फणस, खोड माझ्या कमरेएवढं जाड. तोवर नेटवर्क आलं होतं. मी पडवीत लॅपटॉप घेऊन कॉलवर. भाऊ मध्येच आले, घामाने भिजलेले, आणि म्हणाले, “मशीन बारीक रडतेय. सोडली तरी खाली येत नाय.”

मी म्यूट केलं आणि म्हणालो, “भाऊ, एवढंच राहिलंय, आज संपवून टाका ना.”

एवढंच बोललो. अनम्यूट केलं. अर्ध्या तासाने वाडीतला आवाज अचानक थांबला. हळू होत थांबला नाही, कापल्यासारखा थांबला. जाऊन बघितलं तर दोरी ओढली जात नव्हती. इंजिन जाम.

आता बघा मी काय केलं. फोन काढला, सर्च केलं, पहिलाच लेख उघडला. टू-स्ट्रोक इंजिन जाम झालं तर सगळ्यात कॉमन कारण काय? पेट्रोलात ऑइल न घालणं. टू-स्ट्रोकला वेगळी ऑइलची टाकी नसते, पेट्रोलातच ऑइल मिसळायचं असतं, तेच आतल्या भागांना वंगण देतं. मी तिथेच, आप्पांसमोर, शेजारचे दोघे-तिघे उभे होते त्यांच्यासमोर, मोठ्याने वाचून दाखवलं. आणि म्हणालो, “भाऊ, ऑइल विसरलात वाटतं.”

भाऊ म्हणाले, “टाकलं होतं.” एकदाच म्हणाले. नंतर काही बोलले नाहीत.

आणि इंजिनिअर पोरगा सांगतोय म्हटल्यावर कोण कशाला शंका घेईल? आप्पांनी त्या दिवसापर्यंतची मजुरी चुकती केली, आणि पुढच्या वर्षी भाऊंना बोलावलंच नाही. त्यांच्या जागी तालुक्यावरून माणूस यायला लागला. गाव लहान आहे. ‘आप्पांची मशीन जाळली’ हे वाक्य मी नंतर दोन वेगवेगळ्या घरांत ऐकलं. लोक भाऊंना नारळ पाडायला बोलवत होते, पण स्वतःची मशीन कोणी हातात देत नव्हतं. मी पुण्याला परत आलो आणि विसरलो. खरंच विसरलो.

२०२४ चे गणपती. माळ्यावरून मखराचं सामान काढताना तो कटर हाताला लागला. पुण्यात माझं कामाचं डोकं पार उठलेलं, दिवसभर स्क्रीन बघून हाताला काहीतरी खरं काम हवं होतं. आप्पांना विचारलं, नेऊ का? ते म्हणाले, “ने. नाहीतरी भंगारातच जायचाय.”

पुण्यात फ्लॅटमध्ये आम्ही तिघं राहतो. बाल्कनी माझी झाली. पहिल्या शनिवारी प्लग काढला, सायलेन्सर काढला, सिलिंडरचे चार बोल्ट काढले आणि सिलिंडर वर ओढला. थोडा ठोकावा लागला, लाकडी ठोकळा ठेवून.

पिस्टन बाहेर आला. एका बाजूला उभे ओरखडे, खोल, नखाला लागतील असे, ॲल्युमिनियम वितळून फासल्यासारखं. रिंग खोबणीत चिकटून बसलेली. हे अपेक्षितच होतं. मग मी पिस्टन फिरवला, आणि दुसरी बाजू जवळजवळ नवी होती. कारखान्यात लेथवर पडलेल्या बारीक रेषासुद्धा दिसत होत्या.

मला तेव्हा यातलं काही कळत नव्हतं. फोटो काढला आणि रात्री वाचत बसलो. या वेळी पहिला लेख वाचून थांबलो नाही. तर गोष्ट अशी आहे. पेट्रोलात ऑइलच नसेल तर वंगण कुठेच नसतं. मग पिस्टन सहसा सगळीकडून ओरबाडला जातो, आणि खालचा कनेक्टिंग रॉडचा बेअरिंगही कोरडा पडतो, निळा-काळा होतो. पण फक्त एक्झॉस्टच्या बाजूला ओरखडे असतील, तर ती बहुतेक वेळा उष्णतेची केस असते. एक्झॉस्टची बाजू तशीही सगळ्यात गरम. इंजिन ‘लीन’ चालत असेल, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, तर तापमान वाढतं, पिस्टन फुगतो आणि आधी तिथेच घासतो. शिवाय ऑइल पेट्रोलातूनच येतं, त्यामुळे पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी.

मी टॉर्च घेऊन क्रँककेसमध्ये बघितलं. खालचा बेअरिंग ओलसर होता. बोट फिरवलं तर बोटाला ऑइल लागलं. चार वर्षांनी.

म्हणजे ऑइल होतं.

त्या रात्री मी ते बोट पुसलं नाही बराच वेळ. असो.

मग जास्तीची हवा कुठून आली? टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हवाबंद असावा लागतो, कारण पिस्टन वर जाताना तिथे जी ओढ तयार होते तिनेच कार्ब्युरेटरमधून मिश्रण आत येतं. कुठे बारीक गळती असेल तर तिथून नुसती हवा घुसते, पेट्रोलाशिवाय. आणि क्रँकशाफ्ट दोन्ही बाजूंना केसमधून बाहेर येतो, तिथे असतात रबरी ओठांचे ऑइल सील. रबर जुनं झालं की कडक होतं.

हे तपासायची पद्धत म्हणजे प्रेशर टेस्ट. खरं तर ती सगळं उघडायच्या आधी करायची असते. मी उलट्या क्रमाने केलं, त्यामुळे सिलिंडर परत बसवावा लागला. बाहेर जाणारा आणि आत येणारा मार्ग सायकलच्या ट्यूबच्या रबराने बंद केला. जुन्या प्लगमधली चिनीमाती फोडून काढली, त्यात नळी बसवली. पिस्टन खाली नेऊन ठेवला, म्हणजे प्लगच्या भोकातून दिलेली हवा क्रँककेसपर्यंत पोचते. आणि पंप? आजीचं जुनं बीपी मशीन. हसू नका, खरंच चालतं. ३०० पर्यंत काटा म्हणजे साधारण ०.४ बार, तेवढं पुरतं.

काटा ३०० वर नेला आणि दहा सेकंदांत तो शंभराच्या खाली. आधी संशय माझ्यावरच आला, कारण सिलिंडरखालचं गास्केट मी जाड कागद कापून केलं होतं. साबणाचं पाणी लावलं. गास्केट ठीक होतं. फ्लायव्हील काढून त्यामागच्या सीलवर साबण लावला, आणि तिथे बुडबुडे. छान, एकामागोमाग एक.

आता ऑफिसातली सवय. मी स्वतःलाच रिव्ह्यूमध्ये विचारल्यासारखं विचारलं, की हा सील २०२० मध्ये खराब होता कशावरून? माळ्यावर चार वर्षं पडून रबर कडक झालं नसेल? प्रश्न बरोबर आहे. सीलकडे बघून त्याचं उत्तर मिळत नाही.

उत्तर भाऊंच्या वाक्यात होतं. “बारीक रडतेय. सोडली तरी खाली येत नाय.” क्रँककेसमध्ये हवा गळत असलेल्या इंजिनाची ही अगदी पुस्तकातली लक्षणं आहेत. आवाज पातळ आणि उंच होतो, आणि थ्रॉटल सोडल्यावर वेग पटकन खाली येत नाही, लटकून राहतो. ऑइल नसलेलं इंजिन असं करत नाही, ते जड होत जातं आणि अडकतं. भाऊंनी मला बिघाड व्हायच्या आधी अर्धा तास बिघाड सांगितला होता. आमच्या भाषेत, बग रिपोर्ट दिला होता, लक्षणांसकट. आणि मी ‘युझर एरर’ लिहून तिकीट बंद केलं.

अजून एक सांगतो, हे जास्त टोचतं. त्या दिवशी पेट्रोलचा कॅन तिथेच होता. कॅनमधले दोन थेंब कागदावर टाकून वाऱ्यावर धरायचे. नुसतं पेट्रोल उडून जातं, डाग राहत नाही. ऑइल मिसळलेलं असेल तर तेलकट डाग राहतो. दोन मिनिटांचं काम. इंटरनेटही लागत नाही.

बरं. मग दुरुस्ती. ऑक्टोबर ते फेब्रुवारी, बहुतेक शनिवार-रविवार.

सिलिंडरला आतून कठीण मुलामा असतो आणि त्यावर पिस्टनचं ॲल्युमिनियम चिकटलेलं होतं. ते काढायला ॲसिड लावतात, हायड्रोक्लोरिक. ते ॲल्युमिनियम खातं आणि मुलाम्याला सोडतं. पण सिलिंडरचा बाकी भागही ॲल्युमिनियमचाच असतो! त्यामुळे कानात घालायच्या कापसाच्या काडीने, अगदी थोडं थोडं, फक्त डागांवर. हातमोजे, चष्मा, उघडी हवा. हे घरी करू नका असं म्हणणार नाही, मी घरीच केलं. पण घाईत करू नका. माझे चार हात लागले, दर वेळी धुऊन. खाली मुलामा शाबूत निघाला तेव्हा मी एकटाच बाल्कनीत नाचलोय.

बेअरिंग आणि सील मुंबईला नागदेवी स्ट्रीटवर मिळाले. मी जुना बेअरिंग खिशात घालून गेलो होतो, भावनिक तयारी करून, की एवढ्या जुन्या मशीनचा पार्ट कुठे मिळणार. दुकानदाराने नंबर वाचला, ६२०२, आणि मागे न बघता खोक्यात हात घातला. स्टँडर्ड साइज आहे, शंभर यंत्रांत वापरतात. सीलचंही तसंच, आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी सांगा आणि घ्या. मी व्हायटन रबराचे घेतले, आता पंपावरच्या पेट्रोलात इथेनॉल असतं म्हणून. नवा पिस्टन मात्र बाहेरून मागवावा लागला. सहा आठवडे, आणि कस्टम ड्यूटी वेगळी.

बेअरिंग बसवताना केस गरम करायचा आणि बेअरिंग फ्रीझरमध्ये ठेवायचा. केस फुगतो, बेअरिंग आकसतो, आणि हाताने दाबला तरी बसतो. आमच्याकडे ओटीजी होता. रूममेटचा. केक करायचा. १०० डिग्री, वीस मिनिटं. केस मी आधी तीन वेळा धुतला होता, शपथ. तरी पुढचे दोन महिने त्या ओटीजीमधल्या प्रत्येक गोष्टीला पेट्रोल पंपाचा वास येत होता. नवा ओटीजी मी घेऊन दिला, या प्रोजेक्टमधला सगळ्यात महागडा पार्ट तोच. आणि हो, हा केस मॅग्नेशियमचा असतो, त्याला आगीची ज्योत कधीही दाखवायची नाही. मॅग्नेशियम पेटतं.

पिस्टनची पिन जागेवर धरणारी एक तारेची सर्क्लिप असते. पहिली उडून चौथ्या मजल्यावरून खाली गेली. दुसरी प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून बसवली.

बाकी पॉइंट घासून ०.४ मिलीमीटरवर लावले. बजाज चेतकवाल्या पिढीला हे माहीत असेल, तुमच्या बाबांना विचारा. कार्ब्युरेटरचे पडदे बदलले. याला बाइकसारखा फ्लोट नसतो, पातळ पडदा असतो, म्हणून मशीन आडवी-उलटी कशीही धरली तरी पेट्रोल पोचतं. साखळी मात्र नवी घेतली. चेनसॉच्या साखळीचा हा आकड्यासारखा दात अमेरिकेतल्या ऑरेगनमधल्या जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने १९४० च्या दशकात बनवला, लाकूड पोखरणाऱ्या अळीचा जबडा बघून. कोड लिहिताना मला असं काही कधी सुचलेलं नाही.

परत प्रेशर टेस्ट. काटा ३०० वर नेला, चहा करून आलो, काटा ३०० वर.

शिमग्याला गावी गेलो. मशीन डिकीत होती, पण आधी मी जुना पिस्टन पिशवीत घालून भाऊंच्या घरी गेलो. काय बोलायचं ते रस्ताभर पाठ केलं होतं. त्यांच्या अंगणात बसून सगळं सांगितलं, ही बाजू बघा, ही बाजू बघा, सील, हवा, सगळं. त्यांनी पिस्टन हातात घेतला, फिरवला, अंगठा फिरवला त्या ओरखड्यांवरून.

म्हणाले, “हे मला कशाला दाखवतोस? मला माहीत होतं. मी ऑइल टाकलं होतं.”

मी गप्प.

“आप्पांना दाखव. आणि तेव्हा जे उभे होते ना, त्यांना दाखव.”

मला वाटलं होतं सॉरी म्हणेन आणि ते ‘जाऊ दे रे’ म्हणतील. ते तसं म्हणाले नाहीत. का म्हणावं?

घरी येऊन आप्पांसमोर पिस्टन ठेवला. आप्पांना टेक्निकल काही सांगावं लागलं नाही. “ऑइल होतं,” एवढं म्हटलं. त्यांनी चष्मा लावून बघितलं, मग चष्मा काढून ठेवला. रात्री जेवताना बोलले नाहीत. सकाळी मी उठलो तर घरात नव्हते. काकू म्हणाली, पालखी यायच्या आधी येतो म्हणून भाऊंकडे गेलेत. तिथे काय बोलणं झालं मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. शेजारच्या दोन घरी मी स्वतः गेलो. एका ठिकाणी म्हणाले, “अरे, ते कधीचं!” त्यांना आठवतही नव्हतं. म्हणजे भाऊंबद्दलचं मत तेवढं लक्षात राहिलं होतं, कारण विसरून गेले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ आले. मी मशीन जमिनीवर ठेवली, हँडलमध्ये पाय, आणि दोरी. तिसऱ्या ओढीला चालू. तुम्ही सुरुवातीला ऐकलात तो आवाज तेव्हाचा. लगेच बंद पडली, कारण कार्ब्युरेटरचे स्क्रू मी अंदाजाने लावले होते.

मी फोनवर एक ॲप घेऊन ठेवलं होतं, आवाजाची फ्रीक्वेन्सी दाखवणारं. टू-स्ट्रोक दर फेऱ्याला एकदा फुटतं, म्हणून हर्ट्झ गुणिले ६० म्हणजे आरपीएम. २०० हर्ट्झ म्हणजे १२,०००. मी खूश होतो या आयडियावर. भाऊंनी स्क्रूड्रायव्हर मागितला, मान थोडी कलती केली, आणि पाव फेऱ्याहून कमी फिरवला. मशीनचा आवाज किंचित जाड झाला, भरभर असा. लाकडाला लावली की साफ व्हायचा, उचलली की परत जाड. मी फोन बघितला. १८४ हर्ट्झ, म्हणजे ११,००० च्या आसपास. या मशीनला जेवढं हवं तेवढंच.

“आता रडत नाय,” भाऊ म्हणाले.

या मशीनला चेन ब्रेक नाही. करवतीचं टोक लाकडात अडकून उसळलं तर आजच्या मशीनमध्ये साखळी तिथेच थांबते, हिच्यात नाही थांबत. म्हणून आप्पांनी कामासाठी ब्रेकवाली नवी मशीन घ्यायचं ठरवलंय, आणि कोणती घ्यायची ते भाऊ सांगणार आहेत. पुढच्या महिन्यात दोघं महाडला बघायला जातायत. मला बोलावलेलं नाही.

जुना पिस्टन मी पुण्याला डेस्कवर ठेवायला आणणार होतो. निघताना भाऊंनी मागून घेतला. त्यांच्या पडवीच्या खिडकीत आहे आता, ओरखड्यांची बाजू आत आणि चांगली बाजू रस्त्याकडे.

चला, आजच्यापुरतं एवढंच. ॲसिडबद्दल कोणाला काही विचारायचं असेल तर करायच्या आधी विचारा, नंतर नको. भेटू पुढच्या भागात.

[मशीन चालू. बराच वेळ चालते. मागे कोणीतरी हसतं.]